यू-१८०: नेताजींना घेऊन निघालेल्या पाणबुडीची पूर्ण कारकीर्द

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी,

नेताजी जर्मनीहून पाणबुडीने पूर्वेकडे आले हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण ती पाणबुडी कुठली, तिने वाटेत काय केलं, नेताजी उतरल्यावर ती कुठे गेली आणि तिचा शेवट काय झाला, हे विचारलं की सगळे गप्प होतात. मला हा विषय बरीच वर्षं सोडत नाहीये, म्हणून हा धागा.

थोडक्यात कुंडली अशी. यू-१८०, ब्रेमेनच्या आ. गे. वेझर गोदीत बांधलेली, १६ मे १९४२ ला नौदलात दाखल. नऊ-डी-एक या जातीच्या दोनच पाणबुड्या झाल्या, एक ही आणि दुसरी यू-१९५. लांबी साधारण ८७.६ मीटर, पाण्यावर वजन १६१० टन, म्हणजे अटलांटिकमध्ये धुमाकूळ घालणाऱ्या नेहमीच्या सातव्या जातीच्या बोटींच्या दुपटीहून मोठी. कमांडर वेर्नर मुझेनबेर्ग. ९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून निघाली तेव्हा बोटीवर नेताजी आणि त्यांचे सहकारी, हैदराबादचे आबिद हसन होते. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला तिने कॉर्बिस नावाचं ८१३२ टनी ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. २८ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला जपानी आय-२९ पाणबुडीवर दोघांना सोपवलं. परतताना ३ जूनला बोरिस हे ग्रीक जहाज बुडवलं, ३ जुलैला फ्रान्समधल्या बोर्दोला पोचली. मग इंजिनं निकामी ठरली म्हणून सप्टेंबरअखेर सेवेतून काढली, नवी इंजिनं बसवून एप्रिल १९४४ ला मालवाहू म्हणून परत आणली, ऑगस्ट १९४४ मध्ये बोर्दोहून पूर्वेकडे निघाली आणि बिस्केच्या उपसागरातच गेली. ५६ माणसं, एकही वाचला नाही.

दोन मोहिमा, दोन जहाजं, एक हस्तांतर, आणि खेळ खलास. माझा प्रश्न असा की ही पाणबुडी यशस्वी म्हणायची का? आणि मला खुपतं ते असं की आपल्याकडच्या कहाण्यांत कॉर्बिस येतच नाही. त्या जहाजावरच्या ६० माणसांपैकी ५० मेली, नेताजी बोटीवर असताना. हे गाळून ती कहाणी सांगितलेली मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं लिहा.

सायली_डोंबिवली

बोर्दोपर्यंतचं ऐकून होते, १९४४ चं काहीच माहीत नव्हतं. वाचतेय. अजून लिहा.

इंजिनरूम

इंजिनांबद्दल मी लिहितो, तो माझा प्रांत आहे, मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं खालच्या मजल्यावर.

यू-१८० मध्ये मर्सिडीज-बेंझची सहा डिझेल इंजिनं बसवली होती, एमबी-५०१, प्रत्येकी वीस सिलेंडरचं व्ही इंजिन. ही इंजिनं मुळात जर्मन टॉर्पेडो बोटींसाठी, म्हणजे त्या छोट्या वेगवान हल्ला करून पळणाऱ्या बोटी असतात ना, त्यांच्यासाठी केलेली. एकूण नऊ हजार अश्वशक्ती, पाण्यावर २०.८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) वेग, त्या काळच्या पाणबुडीला हा वेग म्हणजे चैन होती. कल्पना अशी की मोठी लांब पल्ल्याची बोट आणि वर वेग, काफिल्यांना गाठून पुढे जाता येईल.

पण हलकं जास्त आरपीएमचं इंजिन आणि महिनोन्महिने चालवायचं जहाजाचं इंजिन यात जमीनअस्मानाचा फरक असतो. टॉर्पेडो बोट रात्री निघते आणि पहाटे बंदरात येते, मग फिटर लोक आहेतच. पाणबुडीत तुम्ही कीलहून निघालात की जुलैपर्यंत गोदी दिसणार नाही. सहा इंजिनं एका नळकांड्यात कोंबली की उष्णता जायला जागा नाही, उष्ण कटिबंधात तर इंजिनरूममध्ये उभं राहणं मुश्कील. त्यात धूर. पाणबुडीने सगळ्यात काय टाळायचं असतं तर क्षितिजावर दिसणं, आणि ही बोट वेगात निघाली की धुराची शेपटी मागे सोडायची. म्हणून पुढे सहाची सहा काढून टाकून जर्मानियावेर्फ्टची दोन साधी एफ-४६ इंजिनं बसवली. वेग गेला, पण बोट चालण्यासारखी झाली. टॉर्पेडो नळ्याही काढल्या आणि त्या जागेत अडीचशे टन माल मावेल अशी सोय केली.

सांगायचा मुद्दा, लढाऊ बोट म्हणून हा प्रयोग फसला होता आणि जर्मनांना हे पहिल्याच सफरीत कळलं.  याच मापाच्या नऊ-डी-दोन जातीत दोन मोठी आणि कमी वेगात चालवायला दोन छोटी इंजिनं होती, त्या बोटींनी हिंदी महासागरात खरं काम केलं.

मनोज_चिपळूण

इंजिनरूम साहेब मस्त. एक शंका, पाणबुडी म्हणजे पाण्याखालूनच जाते ना? मग धूर कसा दिसेल? प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

इंजिनरूम

अहो बाळबोध नाही, हीच गोष्ट सगळ्यांची चुकते कारण आपण सिनेमात पाण्याखालचीच पाणबुडी बघतो. त्या काळच्या पाणबुड्या बहुतेक वेळ पाण्यावरूनच जायच्या, डिझेलवर. डिझेलला हवा लागते, पाण्याखाली हवा नाही, तिथे बॅटरीवर मोटर चालते. यू-१८० चा पाण्याखालचा वेग जास्तीत जास्त ६.९ नॉट, आणि तो वेग लावला की बॅटरी बघता बघता संपते, हळू गेलात तर थोडी जास्त टिकते. मग वर या, डिझेल लावा, बॅटरी चार्ज करा. विमानं असलेल्या टापूत दिवसा खाली आणि रात्री वर असा क्रम. भर अटलांटिकात दिवसाही वरच. नेताजींचा बोटीच्या पुलावर (वरच्या उघड्या मचाणावर) उभे असलेला फोटो बघितला असेल, मोकळ्या हवेत, तो त्यामुळेच शक्य झाला.

आबोली

माझी आवड म्हणजे त्या बोटीतलं रोजचं जगणं, लढाईपेक्षा तेच जास्त वाचते. आबिद हसन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणी फार जिवंत आहेत. सगळीकडे डिझेलचा वास, पांघरुणाला वास, ब्रेडसुद्धा डिझेलात भिजवल्यासारखा लागायचा. जेवण जर्मन पद्धतीचं, तेलकट मांस, डब्यातलं. नेताजींना ते जाईना. मग हसन यांनी सामानाच्या कोठारात शोधाशोध केली तर तांदूळ आणि डाळीसारखं काहीतरी सापडलं आणि त्यांनी खिचडी टाकली. नेताजींनी काय करावं, तर जर्मन अधिकाऱ्यांना बोलावून त्यांनाही वाढायला सुरुवात केली! हसन यांना काळजी की हा साठा असा वाटला तर मादागास्करपर्यंत पुरायचा कसा.

घरात खिचडी उरवायची कुणासाठी यावरून होणारी भांडणं आठवली वाचताना :)

आणि काम थांबलं नव्हतं. नेताजी आपल्या आधीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती करत होते, ते सांगायचे आणि हसन टाइप करायचे. जपानच्या पंतप्रधानांशी, तोजोंशी काय बोलायचं याची तालीमसुद्धा दोघांनी त्या बोळकांडीत केली, हसन तोजो व्हायचे आणि आडवे प्रश्न विचारायचे. वर पाय पसरायला जागा नाही, आणि माणूस तीन महिन्यांनंतरच्या बैठकीची तयारी करतोय.

रोखठोक

धागा चांगला आहे पण खाडीकाठचा यांचा शेवटचा परिच्छेद पटला नाही. युद्ध चालू होतं. कॉर्बिस तेल घेऊन चाललं होतं, ते तेल कुणाच्या रणगाड्यात आणि विमानांत जाणार होतं? त्याच साम्राज्याच्या, ज्याने १९४२ च्या ऑगस्टपासून आपली माणसं तुरुंगात कोंबली होती. नेताजी त्या बोटीचे कमांडर नव्हते, प्रवासी होते. टॉर्पेडो सोडायचा की नाही हे मुझेनबेर्ग ठरवणार. नेताजींसमोर दुसरा रस्ता होता का? विमानाने न्यायचा विचार झाला होता, जमलं नाही. जमिनीवरून रस्ता १९४१ मध्येच बंद झाला, जर्मनी रशियावर चालून गेला तेव्हा. उरला समुद्र.

आणि माणूस काय सोडून निघाला ते बघा. पत्नी एमिली व्हिएन्नात, मुलगी अनिता २९ नोव्हेंबर १९४२ ला झालेली. फेब्रुवारीत निघाले म्हणजे लेक अडीच महिन्यांची. आपण परत येऊ याची खात्री नाही. हे आधी लिहा, मग कॉर्बिस.

खाडीकाठचा

रोखठोक, मी नेताजींवर आरोप केलेला नाही, परत एकदा वाचा. त्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही आणि अनिताबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द मान्य. मी पाणबुडीची कारकीर्द लिहितोय. पाणबुडीचं काम जहाजं बुडवणं. तिची कहाणी लिहायची आणि तिने बुडवलेलं जहाज गाळायचं, हे कसं चालेल? हसन यांनी स्वतः ते गाळलं नाही. समुद्रच पेटल्यासारखा दिसत होता असं त्यांनी सांगितलंय. ते हेलावले होते. जो माणूस तिथे होता त्याने सांगितलं, आणि आपण ऐंशी वर्षांनंतर ते झाकायचं?

कॉर्बिसमधले जे दहा वाचले ते जवळजवळ दोन आठवडे उघड्या होडीत होते. मग दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचले. ही माणसंही यू-१८० च्या कहाणीतलीच आहेत.

सायली_डोंबिवली

खाडीकाठचा +१. आणि रोखठोक दादा, तुमचंही बरोबर आहे. दोन्ही एकाच धाग्यात राहू द्या की.

बोरीबंदर

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो कारण विषय माझ्या घराशी येऊन भिडतो.

यू-१८० बद्दल सगळे बोलताय, जरा आय-२९ बद्दल बोलू. नेताजी ज्या जपानी पाणबुडीत चढले तीच ती आय-२९, कमांडर इझू जुइची. याच पाणबुडीने, याच कमांडरच्या हाताखाली, पाचच महिने आधी, २३ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री, तिलावा बुडवली होती.

तिलावा म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची दहा हजार टनी बोट. २० नोव्हेंबरला मुंबईहून निघालेली, मोंबासा, मापुतो, डर्बनकडे. बोटीवर ९५० च्या वर माणसं, त्यात सातशेहून जास्त प्रवासी. कोण होते हे प्रवासी? बहुतेक गुजराती, कच्छी, सौराष्ट्रातली कुटुंबं, पूर्व आफ्रिकेत दुकानं असलेली, नोकरीला चाललेली, नवऱ्याकडे निघालेल्या बायका, लेकरं. खलाशांत आपल्या किनाऱ्यावरचे लोक. पहिला टॉर्पेडो लागला, गोंधळ उडाला, होड्या सोडल्या. बोट लगेच बुडत नाहीये असं बघून काही जण परत तिच्यावर चढले. मग दुसरा टॉर्पेडो. २८० माणसं गेली. वाचलेल्यांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश क्रूझरने समुद्रातून उचललं आणि २७ तारखेला मुंबईत आणलं.

माझ्या आजोबांचे मोठे भाऊ त्या बोटीवर डेक खलाशी होते. ते परत आले नाहीत. घरात त्यांचा एक फोटो आहे, कडेने वाळवी लागलेला, खाली नाव लिहिलेलं आहे आणि तारीख नाही, कारण घरच्यांना नक्की कुठल्या दिवशी ते कळलंच नाही. आजी श्राद्ध सर्वपित्रीला घालायची.

आता सांगा, मी २३ जानेवारीला नेताजींच्या फोटोला हार घालतो, मनापासून घालतो. आणि ज्या पाणबुडीने त्यांना सुखरूप नेलं तिच्याबद्दल मला काय वाटायला हवं? मला उत्तर नको आहे. फक्त तिलावाचं नाव या धाग्यात असावं एवढंच.

आबोली

बोरीबंदर, हे लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या पणजीचा जीव कसा राहिला असेल त्या दिवसांत, लेक बोटीवर आणि काही खबर नाही.

रोखठोक

बोरीबंदर काका, नमस्कार. तुमच्या घराचं दुःख मोठं आहे. माझं मत नेताजींच्या निर्णयाबद्दल तेच आहे, त्यांनी बोट निवडली नव्हती, जपानने पाठवली ती आली. पण तिलावा आणि आय-२९ चं हे नातं शाळेच्या पुस्तकात यायला हवं, हे मी आज जाहीर म्हणतो. इतक्या वर्षांत कुणी मला हे सांगितलं नव्हतं.

मनोज_चिपळूण

थोडं अवांतर, तिलावावर चांदी पण होती ना? काही वर्षांपूर्वी केस चालू होती असं वाचलेलं.

दर्यासारंग

हो. २३६४ चांदीच्या लाद्या, दक्षिण आफ्रिका सरकारने नाणी पाडायला मागवलेल्या. २०१७ पर्यंत एका खासगी कंपनीने खोल समुद्रातून त्या उचलून इंग्लंडला नेल्या आणि मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिका म्हणाली चांदी आमची. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

मला यात एकच म्हणायचंय. चांदीच्या प्रत्येक लादीचा हिशोब वकिलांनी मांडला. त्याच बोटीबरोबर गेलेल्या २८० जणांचा हिशोब त्यांच्या नातवंडांना स्वतः कागद धुंडाळून मांडावा लागतोय.

वास्कोकार

मी गोव्याचा, मुरगाव बंदराची एक गोष्ट सांगतो. ९ मार्च १९४३ ला, म्हणजे यू-१८० अटलांटिकात होती तेव्हा, कलकत्ता लाइट हॉर्सच्या हौशी घोडेस्वार मंडळींनी एका जुनाट बार्जमधून येऊन मुरगावात उभ्या असलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर छापा घातला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध सुरू झाल्यापासून जर्मन आणि इटालियन जहाजं तिथे आसऱ्याला होती. जर्मनांनी स्वतःच जहाजं पेटवून बुडवली. एरेनफेल्सवर लपवलेला ट्रान्समीटर होता आणि तिथून यू-बोटींना, म्हणजे जर्मन पाणबुड्यांना, ब्रिटिश जहाजांची खबर जायची, त्यामुळे पाणबुड्यांना हिंदी महासागरात एवढी शिकार मिळाली, असं आमच्याकडे सांगतात.

दर्यासारंग

छापा पक्का झाला, त्यात वाद नाही. पण त्या ट्रान्समीटरमुळे पाणबुड्यांना शिकार मिळायची हे मला पटत नाही. मार्च १९४३ च्या सुरुवातीला यू-१६० ने डर्बनजवळ काफिल्यावर हल्ला केला, तो काफिला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. त्याची खबर मुरगावातून कशी लागणार? आपल्या बाजूच्या समुद्रात जर्मन बोटींनी हात धुऊन घेतले ते नंतर, १९४३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मोन्सून गट, म्हणजे इकडे पाठवलेला जर्मन पाणबुड्यांचा ताफा, आला तेव्हा. यू-५३२, यू-१८८, यू-१६८. यू-१६८ ने तर २ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईपासून फार लांब नाही अशा ठिकाणी हायचिंग हे जहाज बुडवलं. तोपर्यंत एरेनफेल्स मुरगावच्या तळाशी जाऊन सहा महिने उलटले होते.

वास्कोकार

तारखा लावून बघितल्या, तुमचा मुद्दा जोरदार आहे. छाप्याचं धाडस मात्र मी सोडणार नाही, पन्नाशीकडे झुकलेले चहाच्या कंपन्यांतले साहेब लोक, स्टेनगन घेऊन रात्री जहाजावर चढले म्हणजे काय!

हॅम्बुर्गकर

मी जर्मनीत राहतो. कीलच्या फ्योर्डच्या काठी मोल्टेनोर्ट म्हणून जागा आहे, हायकेनडोर्फ गावात, तिथे पाणबुडीवाल्यांचं स्मारक आहे. वर खांबावर ब्राँझचा गरुड, आणि खाली अर्धवर्तुळात भिंत, भिंतीवर ब्राँझचे तक्ते, बोटीच्या क्रमांकानुसार माणसांची नावं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेले सुमारे तीस हजार, आणि एकूण समुद्रावर गेलेले चाळीस हजार. म्हणजे चारातले तीन परत आले नाहीत. कुठल्याही सैन्याच्या कुठल्याही दलात असा आकडा क्वचित सापडेल.

यू-१८० चा तक्ता मी शोधून काढला. रीजेन हे आडनाव, शेवटच्या सफरीचा कमांडर, आणि बाकी पोरं. जन्मसाल बघून कळतं, वीस-बावीस वर्षांची. नेताजींना घेऊन गेलेली माणसं आणि ही माणसं सगळी एक नव्हेत, मधल्या काळात बोट गोदीत होती, माणसं बदलली, मुझेनबेर्ग त्या शेवटच्या सफरीत नव्हता. नात्झी राजवटीसाठी ते लढले ही गोष्ट मी विसरत नाही आणि इथले लोकही विसरू देत नाहीत. पण ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांना बोर्दोतून का काढलं ते बघा. नॉर्मंडीत दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या होत्या, फ्रान्स हातचा चाललेला, बंदर सोडायचं होतं. म्हणून जेवढ्या बोटी तरंगतात तेवढ्या हाका बाहेर. बोर्दोजवळच्या जिरोंद खाडीच्या मुखाशी ब्रिटिश विमानांनी सुरुंग टाकलेले. यू-१८० बुडताना कुणी पाहिली नाही, सुरुंगावर गेली असावी असं मानतात.

सायली_डोंबिवली

मघाशी कुणीतरी सोन्याचं लिहील असं वाटलं होतं, कुणी लिहिलंच नाही. त्या भेटीत सोनं पण बदललं ना?

खाडीकाठचा

हो, आणि ती भेट सविस्तर सांगण्यासारखी आहे. २६ एप्रिलला दोन्ही बोटी एकमेकींना दिसल्या, पण समुद्र इतका खवळलेला की होडी टाकता येईना. मग दोघी शेजारून समांतर चालत राहिल्या, समुद्र शांत होण्याची वाट बघत. २८ ला रबरी होडीतून, दोरी धरून, लाटांत भिजत नेताजी आणि हसन पलीकडे गेले. त्या बाजूने दोन जपानी नौदल अधिकारी यू-१८० वर आले, एमी आणि तोमोनागा. शिवाय जपानी टॉर्पेडोचे नमुने आणि जवळपास दोन टन सोनं, बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी. जर्मनीकडून जपानला तंत्रज्ञान विकत घ्यायचं होतं, त्याची ती रक्कम.

पलीकडच्या बोटीवर दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, सम्राटांचा वाढदिवस साजरा झाला. जपान्यांनी पेनांगहून निघताना मसाले घेतले होते, पाहुणे भारतीय आहेत म्हणून. झणझणीत रस्सा केला. आबोलीताई, खिचडीनंतर हे घ्या. पाणबुड्यांच्या ताफ्याचे (फ्लोटिलाचे) प्रमुख तेराओका यांनी स्वतःची खोली नेताजींना दिली. मेच्या सुरुवातीला सुमात्राच्या टोकाला सबांगला उतरवलं आणि तिथून पुढे विमानाने टोकियो.

आबोली

रस्सा! हे माहीत नव्हतं. आता तोमोनागाचं पुढे काय झालं तेही सांगा, नाव ऐकल्यासारखं वाटतंय.

दर्यासारंग

मी सांगतो. तोमोनागा हिदेओ, पाणबुड्यांचे अभियंता, पाणबुडी एका ठराविक खोलीवर आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा त्यांनी बनवली होती. दोन वर्षं जर्मनीत राहिले. एप्रिल १९४५ मध्ये यू-२३४ मधून जपानला परत निघाले, त्या बोटीत ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होतं म्हणून ती गाजली. वाटेत जर्मनी शरण गेल्याची बातमी आली. कमांडरने अमेरिकनांना शरण जायचं ठरवलं. तोमोनागा आणि त्यांचे सहकारी शोजी, दोघांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. जर्मन खलाशांनी दोघांना समुद्रात सन्मानाने सोडलं.

आय-२९ चं सांगायचं तर ती पुढे फ्रान्सपर्यंत जाऊन जेट विमानांचे आराखडे घेऊन आली आणि २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकन सॉफिश पाणबुडीने तिला बुडवलं. त्यानंतर महिन्याच्या आत यू-१८० गेली.

माझगावचा_नाना

सगळा धागा एका बैठकीत वाचून काढला. कीलचं नाव निघालं म्हणून लिहितो. आपल्या शिशुमार जातीच्या पाणबुड्या कीलच्याच, एचडीडब्ल्यू गोदीच्या. पहिल्या दोन तिकडे बांधल्या, आयएनएस शिशुमार सप्टेंबर १९८६ ला नौदलात आली, आणि पुढच्या दोन, शाल्की आणि शंकुल, आम्ही माझगाव डॉकमध्ये बांधल्या. शाल्की १९९२ ला दाखल झाली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. मी वेल्डिंगच्या कामाला होतो. प्रेशर हलची, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या कवचाची, एक एक शिवण एक्स-रे काढून तपासायचे आणि फिल्मवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला तरी ती शिवण खोदून परत भरायची. वर उभा असलेला इन्स्पेक्टर काही बोलायचा नाही, नुसता खडूने गोल करायचा. गोल दिसला की काळजात धस्स व्हायचं. पण ती सवय लागली ती आयुष्यभराची.

तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नाही की याच कील बंदरातून नेताजी निघाले होते. सांगितलं असतं तर आम्ही पोरं अजून अभिमानाने कामाला लागलो असतो.

मनोज_चिपळूण

नाना, तुम्ही वेगळा धागा काढाच. प्लीज.

रोखठोक

नाना, मनोजशी सहमत.

आता मूळ प्रश्नावर येऊ, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. यशस्वी की अयशस्वी? मी म्हणतो यशस्वी. कारण एकच. नेताजी पोचले. पुढे जुलै १९४३ मध्ये सिंगापूरला आझाद हिंद सेनेची सूत्रं हाती घेतली, ऑक्टोबरात हंगामी सरकार. या बोटीने दुसरं काहीही केलं नसतं तरी चाललं असतं.

इंजिनरूम

मी उलट म्हणतो आणि आदराने म्हणतो. बोट म्हणून अपयशी. ज्या वेगासाठी बांधली तो वेग टिकवता आला नाही, दोन सफरी, एकूण १३,२९८ टन जहाजं, आणि शेवटी टॉर्पेडो नळ्या काढून मालगाडी केली. कीलहून निघताना जर्मनांनी नेताजींना या बोटीत बसवलं हाच मोठा धोका होता, कारण ही इंजिनं किती टिकतील हे तोवर कुणी लांब सफरीत पाहिलंच नव्हतं. केप ऑफ गुड होपच्या खाली एखादं इंजिन जाम झालं असतं आणि विमान आलं असतं तर आज आपण काय लिहीत बसलो असतो? त्या इंजिनांना जुलैपर्यंत चालवत ठेवलं ते खालच्या मजल्यावरच्या माणसांनी. यश म्हणायचं तर त्यांचं म्हणा. ५० डिग्रीच्या आसपासच्या गरमीत मी स्वतः काम केलंय, तिथे माणूस तासाभरात पिळून निघतो, आणि आमच्याकडे वर यायला जिना होता.

हॅम्बुर्गकर

तुलना करायची तर यू-१९५ शी करा. जुळी बहीण, तीच इंजिनं, तीच फसगत, तिचीही इंजिनं बदलून मालवाहू केली. ऑगस्ट १९४४ मध्ये बोर्दोहूनच निघाली, त्याच पाण्यातून. ती पोचली. डिसेंबर १९४४ अखेरीस बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला. जर्मनी शरण गेल्यावर जपान्यांनी तिला आपल्या नौदलात घेतलं, आय-५०६ म्हणून. एकाच आठवड्यात एकाच बंदरातून निघालेल्या दोन जुळ्या, एक तळाशी आणि एक जावात. यात बोटीचं कर्तृत्व किती आणि नशीब किती?

खाडीकाठचा

रोखठोक आणि इंजिनरूम, दोघांचं वाचून माझं मत असं झालंय की मोहीम यशस्वी आणि बोट अपयशी, आणि त्या यशाची किंमत कॉर्बिसच्या माणसांनी मोजली, हे वाक्य मी यापुढे कुठेही ही कहाणी सांगितली तरी गाळणार नाही. बोरीबंदर काकांच्या तिलावाचंही तसंच, आय-२९ चं नाव घेतलं की तिलावाचं घेणार.

पुढचा धागा यू-१९५ वर काढतोय. इंजिनरूम, इंजिनं बदलली तो भाग तुम्ही लिहाल का? माझ्याकडून तो नीट होणार नाही, एफ-४६ बद्दल तुमच्याइतकं कुणाला सांगता येईल?

इंजिनरूम

लिहितो. रविवारपर्यंत देतो, आकृतीसकट.

बोरीबंदर

आणि तिलावावर कुणाच्या घरात काही कागद, पत्र, बोटीचं तिकीट, फोटो असेल तर इथेच कळवा. विशेषतः रत्नागिरी आणि रायगडच्या खलाशांची कुटुंबं. प्रवाशांची नावं बरीच मिळतात, खलाशांची फार कमी.